तिसऱ्यांदा सांगायचं नाही

कॅप्टनसाहेबांनी मला पहिल्याच भेटीत नापास केलं. मी त्यांच्याकडे गेलो होतो फावल्या वेळचं काम मागायला. दिवसा मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. गंगापूर रोडला एका निवृत्त वैमानिकानं पायलटच्या लेखी परीक्षांचे वर्ग काढलेत आणि त्यांना हवामान शिकवायला माणूस हवाय, असं कानावर आलं होतं. नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट. तेव्हा गंगापूर रोडच्या दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे शिल्लक होते.

दारात उंच, किंचित वाकलेला माणूस उभा. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी कडक.

"कशानं आलात?"

"स्कूटरनं."

"शेवटचं वळण घेतलंत तेव्हा कितव्या गिअरात होतात?"

मला आठवेना. "लक्ष नव्हतं," मी म्हणालो.

"मग तुम्ही आला नाहीत. स्कूटर तुम्हाला घेऊन आली."

हा माणूस विक्षिप्त आहे, हे मला तिथंच कळलं. तरी त्यांनी मला ठेवून घेतलं. पुढं बारा-तेरा वर्षं आठवड्यातून तीन संध्याकाळी मी त्या बंगल्यात जात राहिलो.

कॅप्टनसाहेब घरात प्रत्येक गोष्ट मोठ्यानं म्हणायचे. "गॅस बंद. मागचं दार बंद. पंखा तीनवर." रिक्षात बसले की रिक्षावाल्याच्या खांद्यामागून सुरू, "डावीकडून सायकल. समोर म्हैस." रिक्षावाले वैतागायचे. एकानं तर रविवार कारंज्यापाशी रिक्षा थांबवून "बाबा, तुम्हीच चालवा," म्हणून किल्ली पुढं केली होती. साहेबांना त्यात अपमान वाटला नाही. त्यांनी त्याला शांतपणे सांगितलं, "तुला म्हैस दिसली होती हे मला कसं कळणार? तू बोलला नाहीस."

साहेबांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, पाण्याच्या मोटारीला आपोआप बंद होणारा स्विच बसवून घेतला होता. टाकी भरली की दिवा विझायचा. दिवा विझला की साहेब जिना चढायला लागायचे.

"अहो, भरली असेल. स्विच कशाला लावलाय मग?" काकू खालून ओरडायच्या.

"भरली असं स्विच म्हणतोय. टाकी काय म्हणतेय ते बघून येतो."

मुलीनं अमेरिकेहून पैसे पाठवून आईला धुण्याचं यंत्र घेऊन दिलं, तेव्हा तर साहेब त्याच्यासमोर स्टूल टाकून बसले. यंत्रावरचा दिवा एका चित्रावरून दुसऱ्या चित्रावर सरकला की जाहीर करायचे, "आता खळबळणं. आता पिळणं." काकू मला म्हणाल्या, "मला विश्रांती मिळावी म्हणून पोरीनं मशीन दिलं. आता मशीन एक आणि मशीन बघणारा एक, दोघांचं बघावं लागतं." त्या हसत म्हणाल्या, पण त्यांच्या हसण्यात थकवा असायचा. साहेब रात्री नीट झोपत नाहीत हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं.

वर्ग गॅरेजात भरायचा. साहेबांनी भद्रकालीच्या भंगार बाजारातून मोटारीच्या दोन सीट आणून शेजारी शेजारी ठोकल्या होत्या. डावी कॅप्टनची, उजवी को-पायलटची. समोर प्लायवूड रंगवून विमानाचं पॅनेल. जिथं खऱ्या विमानात आकडे दाखवणारे पडदे असतात तिथं शाळेच्या दोन पाट्या. त्या पाट्यांच्या वरच्या कडेला साहेब हिरव्या खडूनं बारीक अक्षरं लिहायचे.

ती अक्षरं म्हणजे साहेबांच्या सगळ्या शिकवण्याचा गाभा होता. मलाही विमानातलं काही कळत नव्हतं, म्हणून त्यांनी ते मला साध्या भाषेत सांगितलं. "नवीन विमानात हातानं फारसं उडवायचं नसतं. बटण दाबून सांगायचं, एवढ्या उंचीवर जा, एवढ्या वेगानं जा. मशीन जातं. पण आपण काय सांगितलं आणि त्यानं काय ऐकलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यानं काय ऐकलं ते या अक्षरांत लिहिलेलं असतं. पायलट बटणाकडे बघतो. अक्षरांकडे बघत नाही. कारण बटण आपण दाबलेलं असतं ना, आपलं आपल्याला आवडतं."

दोन मुलं सीटवर बसायची. साहेब मागं खुर्चीत. ते मुलांना गणितं घालायचे, मध्येच एखादा विनोद सांगायचे, आणि मुलं हसत असताना काठीला बांधलेल्या ओल्या फडक्यानं पाटीवरचं एक अक्षर पुसायचे. ज्याच्या लक्षात आलं त्यानं मोठ्यानं म्हणायचं. नाही आलं तर साहेब हळूच म्हणायचे, "मेलात." आवाज चढवायचे नाहीत. त्यामुळं ते जास्त लागायचं.

दुसरा धडा त्याहून अवघड. साहेब स्वतः डाव्या सीटवर बसायचे आणि मुद्दाम चुकायचे. उजवीकडच्या मुलानं चूक दाखवली की खेकसायचे, "तुला कुणी विचारलं?" मुलं घाबरायची. गप्प बसायची. मग साहेब सीटवरून उठून नेहमीच्या आवाजात नियम सांगायचे. "एकदा सांगायचं. दुसऱ्यांदा मोठ्यानं सांगायचं. तिसऱ्यांदा सांगायचं नाही, करायचं. वेगाचा लिव्हर तुमच्याही हाताशी आहे, तो शोभेला नाही."

प्रत्येक बॅचच्या शेवटच्या दिवशी ते स्वतःची गोष्ट सांगायचे. मी ती दरवर्षी ऐकली. तिच्यात एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही.

कंपनीनं नवी विमानं घेतली त्याच्या दुसऱ्या वर्षी साहेब एका डोंगराळ गावी उतरत होते. सकाळची वेळ, दाट धुकं. विमान यंत्रावर खाली येत होतं. खालून निरोप आला, चार हजार फुटांवर थांबा. साहेबांनी चार हजारांचा आकडा लावला. पण तो लावेपर्यंत विमान चार हजारांच्या खाली गेलेलं होतं. थांबायची जागा मागं राहिली. यंत्राला पुढं कुठं थांबायचं ते कुणी सांगितलंच नाही, म्हणून ते खाली जात राहिलं. हिरवी अक्षरं ते स्पष्ट सांगत होती. साहेब आकड्याकडे बघून निश्चिंत होते. शेजारचा को-पायलट सगळं बघत होता.

"तो बोलला नाही," साहेब सांगायचे. "कारण सकाळी विमानात चढतानाच मी त्याला बजावलं होतं, की मी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. तो शिस्तीचा मुलगा होता."

जमीन जवळ आल्याचा इशारा वाजला तेव्हा धुक्यातून झाडं दिसायला लागली होती. साहेबांनी विमान वर खेचलं. मागं कुणाच्या अंगावर चहा सांडला, तेवढंच. साहेबांनी ऑफिसात जाऊन सगळं आपणहून सांगितलं. पुढच्या महिन्यात राजीनामा दिला आणि काकूंच्या माहेरच्या गावी, नाशिकला येऊन राहिले.

"राजीनामा का दिला सर? काही झालं तर नव्हतं," दरवर्षी कुणीतरी विचारायचं.

"झाडं दिसत होती," साहेब म्हणायचे. एवढंच उत्तर.

एका वर्षी मात्र मागच्या बाकावरून वेगळा प्रश्न आला. "सर, त्या को-पायलटचं काय झालं?"

विचारणारी मनीषा. सटाण्याच्या कांदा व्यापाऱ्याची मुलगी, नाशकात मावशीकडे राहून शिकणारी. तोवर ती वर्गात फार बोलायची नाही. बोलताना घरच्या बोलीतला शब्द निसटेल की काय या धास्तीनं प्रत्येक वाक्य आधी मनात लावून घ्यायची.

साहेब तिच्याकडे वळले. "उडतोय अजून. दिवाळीला फोन करतो. अजून माझं काही चुकलं तरी मला सांगत नाही."

त्या दिवसापासून मनीषा त्यांची लाडकी झाली. तिला ते डाव्या सीटवर बसून सगळ्यांपेक्षा जास्त छळायचे. ती पहिल्यांदा गप्प बसली. दुसऱ्यांदा पुटपुटली. महिन्याभरानं एका संध्याकाळी ती खणखणीत आवाजात म्हणाली, "सर, स्पीड कमी होतोय." साहेब ओरडले. ती परत म्हणाली. साहेबांनी हातातली काठी पॅनेलवर आपटली. मनीषानं तोंडातून अक्षर न काढता हात पुढं केला आणि प्लायवूडचा लिव्हर असा ढकलला की तो खिळ्यासकट निघून तिच्या हातात आला.

गॅरेजभर हशा झाला. साहेब हसले नाहीत. त्यांचे डोळे भरले होते. "आता तुला माझ्याकडे काही काम नाही," ते म्हणाले.

पुढं तिनं उड्डाणाचे तास भरले, परवाना मिळवला. नवनव्या विमान कंपन्या निघत होत्या, पायलट मिळेनासे झाले होते. तिला एका कंपनीत को-पायलटची जागा मिळाली. तिच्या वडिलांनी सटाण्याहून पेढे आणि कांद्याची गोणी एकत्रच पाठवली. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा वर्गाला सुट्टी दिली.

दोनेक वर्षं बरी गेली. मग एका संध्याकाळी मी वर्गावर गेलो तर गॅरेजचा दरवाजा बंद आणि व्हरांड्यात मनीषा. साहेब समोर बसलेले. काकूंनी मला खुणेनंच बसायला सांगितलं.

घडलं ते असं. विमान उतरत होतं, कॅप्टन चालवत होता. वेग यंत्र सांभाळतंय असं तो धरून चालला होता. पण यंत्रानं मध्येच ते काम सोडून दिलं होतं. वरची अक्षरं बदलली होती. मनीषानं ती वाचली. वेग कमी होत होता.

"मी म्हटलं, सर, स्पीड," मनीषा सांगत होती. "ते म्हणाले, मशीन बघतंय. मी परत म्हटलं, मशीन बघत नाहीये. ते म्हणाले, तू रेडिओ सांभाळ. मग..."

"मग काय केलंस?" साहेबांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं.

"लिव्हर पुढं केले. 'माझ्या हातात' म्हटलं. वर नेलं विमान, फिरवून आणलं. मग दुसऱ्या खेपेला त्यांनीच उतरवलं. उतरताना लोक नेहमीसारखे थँक्यू म्हणत गेले."

"मग?"

"त्यांनी लिहून दिलं, की ही घाबरली आणि माझ्या हातातून विमान ओढलं. कंपनी म्हणते, माफी माग. मी नाही म्हटलं."

साहेब उठले आणि आत जाऊन आपला जुना कोट शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचवटी एक्स्प्रेसनं आम्ही दोघं मुंबईला गेलो. साहेबांना एकटं सोडायला काकू तयार नव्हत्या. कंपनीच्या ऑफिसात खालीच बसवून ठेवलं. दुपार उलटल्यावर एक मोठा अधिकारी खाली आला आणि वाकून साहेबांच्या पाया पडला. कधीकाळी तो त्यांच्या हाताखाली उडाला होता.

"तुमच्याकडे विमानातली नोंद असेल," साहेब म्हणाले. "ती बघा. वेग किती होता ते त्यात आहे."

"बघितलीय सर." त्यानं आवाज खाली आणला. "मुलगी बरोबर आहे."

"मग?"

"सर, ते आमचे सगळ्यात जुने कमांडर आहेत. उद्या प्रत्येक को-पायलट हात घालायला लागला तर? तुम्हीच सांगा, तुम्ही चालवून घेतलं असतंत?"

त्या माणसानं तो प्रश्न दुष्टपणानं विचारला नव्हता, म्हणूनच तो साहेबांच्या वर्मी लागला. त्यानं आम्हाला कॉफी पाजली, गाडीनं स्टेशनवर पोचवलं. परतीच्या प्रवासात इगतपुरीपर्यंत साहेब खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "मी चालवून घेतलं नसतं हो."

मनीषाला लगेच काढलं नाही. तिच्या चाचण्या घेत राहिले. एकीत हे कमी, दुसरीत ते कमी. शेवटी ती पुरेशी तयार नाही असं ठरलं. दुसऱ्या कंपन्यांकडे तिच्या आधी तिची कहाणी पोचायची. तेवढ्यात विमान कंपन्यांचे दिवस फिरले, भरती थांबली, आणि मनीषा सटाण्याला परत गेली.

साहेबांनी तिला फोन करायचा पुष्कळदा घाट घातला. नंबर फिरवायचे आणि ठेवून द्यायचे. अखेर एका रविवारी मला म्हणाले, "सटाण्याला येता का?"

एस.टी.नं गेलो. मनीषाच्या वडिलांचं कांद्याचं खळं गावाबाहेर रस्त्याला लागून होतं. पत्र्याची लांब शेड, खाली बायका कांदा निवडत बसलेल्या, पलीकडे ट्रक भरला जात होता. मनीषा ट्रकपाशी उभी राहून गोण्या मोजून घेत होती. केस कापडानं बांधलेले, पायात रबरी चपला. आम्हाला बघून ती धावत आली नाही. हातातलं काम पुरं करून मग आली.

तिच्या वडिलांनी खाट टाकली, पाणी दिलं. साधा, जाडजूड माणूस. चहा येईपर्यंत कसाबसा थांबला आणि साहेबांसमोर उकिडवा बसला.

"साहेब, मन्ही पोरनं काय चुकनं?"

"काही चुकलं नाही."

"इमान पडत व्हतं, तिनी वाचाडं. बरोबर?"

"बरोबर."

"मंग ती घर काबर बठेल शे?"

पोर घरी का बसलीय, हे विचारताना त्याच्या आवाजात राग नव्हता. हिशेब लागत नसलेल्या माणसाची अडचण होती. साहेबांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला. "बाबा, राहू द्या," मनीषा म्हणाली. ती आम्हाला शेडच्या टोकाला घेऊन गेली.

"मी तुला अर्धंच शिकवलं," साहेब म्हणाले. "उजवीकडच्याला बोलायला शिकवत राहिलो. डावीकडच्याला ऐकायला शिकवणं मला सुचलंच नाही. मला वाटलं, माझी गोष्ट ऐकली की मुलं आपोआप शिकतील." मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं तसे थांबले. "आपोआप," ते पुन्हा म्हणाले.

"सर, तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

"तुला पश्चात्ताप होतो का?"

मनीषानं ट्रककडे बघितलं. "त्या दिवसाचा नाही होत. पुन्हा बसले तर पुन्हा तेच करीन. पण सर, सकाळी वरून विमान गेलं की मी आत निघून जाते. बाबांना वाटतं, ऊन लागतं म्हणून."

साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

वर्ग त्यांनी चालू बॅच संपल्यावर बंद केला. त्या बॅचला शेवटच्या दिवशी गोष्ट सांगितली नाही. मुलांनी विचारलं तर म्हणाले, "ऐकून काही होत नाही." मी अधूनमधून सहज म्हणून जायचो. घरात शिरल्यावर प्रथम जाणवायची ती शांतता. साहेबांनी मोठ्यानं बोलणं सोडून दिलं होतं. एकदा मी गेलो तेव्हा टाकी भरून गच्चीवरून पाणी भिंतीवर ओघळत होतं आणि साहेब खालीच व्हरांड्यात बसले होते. काकू पदर खोचून जिना चढत होत्या. मला बघून म्हणाल्या, "पूर्वी बोलायचे तर मी कटकट करायची. आता वाटतं, एकदा तरी म्हणावं, गॅस बंद."

त्यांच्या छातीत दुखतंय हेही त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एका दुपारी खुर्चीतच गेले.

अमरधाम स्मशानभूमीत आम्ही थोडकीच माणसं होतो. शेजारचे दोघं-तिघं, कॉलेजातला एक सहकारी, काकूंचा भाऊ. मनीषा सटाण्याहून पिकअप चालवत आली. ती कडेला उभी राहिली, शेवटपर्यंत थांबली, रडली नाही. निघताना काकूंच्या गळ्यात पडली, तेव्हा मात्र दोघींना सोडवावं लागलं. नंतर काकू अमेरिकेला मुलीकडे गेल्या. बंगला पाडून तिथं आता चार मजली इमारत उभी आहे.

साहेब गेल्यावर वर्षभरानं गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर लग्नाला गेलो होतो. जेवणाच्या रांगेत एकानं वाकून नमस्कार केला. निखिल. साहेबांच्या पहिल्या बॅचचा, पाटीवरचं पुसलेलं अक्षर सगळ्यात आधी पकडणारा मुलगा. अंगानं भरला होता. आता तो कॅप्टन झाला होता, डाव्या सीटवर बसत होता. साहेब गेल्याचं त्याला उशिरा कळलं म्हणाला. खरोखरच वाईट वाटल्याचं दिसत होतं त्याच्या चेहऱ्यावर.

"सरांमुळे मी आहे," तो म्हणाला. "अजून अक्षरं वाचल्याशिवाय एक बटण दाबत नाही."

"आणि तुझे को-पायलट?" मी विचारलं. "ते बोलतात?"

तो हसला. "अहो, नवी पोरं फार बोलतात! हे बदललं, ते बदललं, सारखं चालू. मी चढतानाच सांगून टाकतो, बाबा रे, मला सगळं दिसतं, तू शांत बस. डोकं शांत लागतं ना उतरताना."

माझ्या हातात ताट होतं. मी म्हणालो, "निखिल, तुम्ही बोलावं म्हणून साहेबांनी गॅरेजात घसा कोरडा केला रे."

"हो ना," तो मायेनं म्हणाला आणि माझ्या ताटात जिलबी वाढली. "सर वेगळेच होते."